दोर जाळणार नाही

मुरुम, श्रावण सोमवार, १९४४

प्रिय बंडप्पा,

गुळाच्या गाड्या घेऊन सोलापूरला गेलेला शांतलिंग काल परत आला. त्यानं तुझा निरोप सांगितला. "मी आता मुरुमला येणार नाही, माझा विहिरीत उतरायचा दोर जाळून टाका," असं तू म्हणालास म्हणे. तर नीट ऐक. दोर मी जाळणार नाही. तो उन्हात वाळवून खुंटीला टांगलाय. अव्वानं दोनदा तो परड्यात नेऊन टाकला आणि दोनदा मी तो परत आणला. सासर सोडून आले तेव्हा अख्ख्या गावाचं ऐकून घेतलं नाही, तर सोलापूरच्या गिरणीतून आलेला तुझा निरोप कोण ऐकतंय?

शांतलिंग म्हणाला, तू निम्मा झालायस. झोपत नाहीस, आणि खोलीतल्या माणसांनी रांजणात तांब्या बुडवला तरी दचकतोस. हे ऐकून अप्पा जेवता जेवता उठले. मीही खूप रडले, लपवत नाही. पण रडून झाल्यावर मला राग आला. तुझा नव्हे. आपल्या गावाचा आला.

आठवतं का, चैत्रात हरणाबाईची बानू मेंढ्यांना पाणी शेंदताना बारवेत पडली आणि तालमीतून तू, वीरप्पा आणि धोंडीबा धावलात. वर दोर त्या दोघांनी धरला, उडी तू मारलीस. तू पोरीला वर आणलंस तेव्हा तिच्यात जीव नव्हता. मग बुडालेल्याला वर काढणाऱ्याच्या रीतीप्रमाणं तुला लिंबाखाली बसवलं. तिला माती देईपर्यंत तुझ्याशी कुणी बोलायचं नाही, मग गुळाचं पाणी प्यायचं, घरी जायचं, आणि जन्मात पुन्हा त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही. पोलिसांचे अमीनसाहेब पंचनाम्याला आले, त्यांनीही विचारलं ते एवढंच, की कधी पडली आणि कुठून पडली. तुला काय झालं हे कुणी विचारलं नाही. तू आठ दिवस भिंतीकडं तोंड करून पडलास आणि मग निघालास. निघताना वेशीत मला एकच वाक्य बोललास. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तू गेल्यावर मी सरळ तालमीत गेले. बायकांनी जायचं नसतं, ठाऊक आहे, म्हणून तर दारातच उभी राहिले. वस्ताद सिद्रामप्पांना म्हणाले, तुमच्या रीतीनं माझा भाऊ गाव सोडून गेला, आता मी या पोरांशी बोलणार आहे. ते म्हणाले, "बाई, बुडालेल्याचं नाव काढलं की पाणी पुन्हा माणूस मागतंय. वाडवडलांपासून हाय हे." मी म्हणाले, "नाव न काढता बी मागतंयच की, काका."

तेव्हापासून दर सोमवारी आपल्या ओसरीवर बैठक असते. गावातली दोनचार माणसं अजून नाक मुरडतात, मुरडू देत. पहिल्या दिवशी दोघं नुसते शेंगा फोडत बसले. मग आपला तो मिशीला पीळ देणारा वीरप्पा हळूच म्हणाला, की कुंभाराचा म्हातारा वर काढल्यापासून तो दिवा विझवून झोपलेला नाही. बायकोला सांगितलंय, उंदरं फार झालीत. धोंडीबा हसायला लागला आणि हसता हसता रडायलाच लागला. त्याचंही असंच काहीतरी होतं, तो तुला स्वतः सांगेल. सिद्रामप्पा आत येत नाहीत. रस्त्याकडच्या कट्ट्यावर पाठ करून बसतात, पण दर सोमवारी बसतात. गेल्या खेपेला अव्वानं त्यांना तिथंच चहा नेऊन दिला.

आणि हरणाबाई. तिच्यापुढं उभं राहायची तुला भीती वाटते ना? ती बाजाराला आली की आपल्या दारात येते आणि एकच विचारते, "तुमचा भाऊ जेवतो का ओ?"

आता माझं. गेल्या बाजारच्या दिवशी गडीमाणसं सगळी पेठेत होती, मी बारवेवर धुणं धूत होते. नागप्पाची धाकटी लेक माझ्या डोळ्यांदेखत पायरीवरून घसरली. लुगड्याचा काचा मारला आणि उडी टाकली. तुला पाठीला सुकलेला भोपळा बांधून पोहायला मीच शिकवलं होतं, तूच मग मला पाटीवर अक्षरं शिकवलीस. पोरीनं मला धरलं ते गळ्यातल्या इष्टलिंगाच्या दोऱ्याला. दोरा तुटला, आणि बंडप्पा, माझा हात पोरीला सोडून लिंगावर गेला.

तू वेशीत हेच म्हणाला होतास ना? "अक्का, माझा हात लिंगाकडं गेला." मी तेव्हा तुला म्हणाले होते, जाऊ दे, होतं असं. मला काय कळत होतं. लिंग गळ्यातून गेलं तर पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, हे आपल्याला बोलता येण्याआधी शिकवलेलं. तो हात आपण नेत नाही, तो आपोआप जातो. माझाही गेला. फक्त श्रावणात पाणी चढलेलं असतं, पायऱ्या पाण्याखाली असतात. माझ्या पायाला पायरी लागली आणि दुसऱ्या हातात पोरीचे केस आले. चैत्रात पाणी पायऱ्यांच्या खाली गेलेलं, तुझ्या पायाखाली पायरी नव्हती. तुझ्यामाझ्यात फरक एवढाच. याला कुणी पाप म्हणेल तर त्यानं माझ्यासमोर येऊन म्हणावं.

पोरगी जगली. गावानं माझी ओटी भरली, सिद्रामप्पांनी सगळ्यांदेखत मला हात जोडले. पण भाकरी थापताना माझा हात मधेच थांबतो आणि पीठ तसंच राहतं. सोमवारी मी सगळ्यांना बोलतं केलं, माझं मात्र बोलले नाही. वीरप्पा ऐकून मान खाली घालेल, धोंडीबाच्या गळ्यात लिंगच नाही, त्याला काय सांगायचं? हे कळणारा निजामाच्या अख्ख्या मोगलाईत एकच माणूस, आणि तो नाक्यापलीकडं इंग्रजाच्या राज्यात जाऊन बसलाय. म्हणून हे पत्र. तुला बरं करायला बोलावत नाही, रे. शांतलिंगची गाडी परत निघेल तिच्यात बस, ओसरीवर ये, आणि मला विचार, अक्का, तुला काय झालं? मला अजून कुणीच विचारलेलं नाही.

तुझीच, कुणाचं न ऐकणारी,
उमाक्का