खिळ्यावरचा कप

दि. ९ फेब्रुवारी

चि. सूनबाईस बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी सगळ्यांची हजेरी घेतो. शिलाई मशीनवर बसून तुझी मान धरली होती, ती सुटली का? तुझ्या दादाचा खोकला गेला का? वहिनीची पाठ काय म्हणते? इकडे तुझ्या सासूचे गुडघे कुरकुरतात, पण तिच्यापुढे त्यांचं काही चालत नाही. माझं म्हणशील, तर मी जन्मभर ज्या पुस्तकांची बांधणी केली त्यांच्यासारखाच झालोय. शिवण सैल झाली, पानं अजून जागेवर आहेत.

पोरगा जाऊन वर्ष उलटलं, तरी त्याची हत्यारांची पिशवी दाराआड तशीच होती. परवा धीर करून उघडली. आत एक भलामोठा पाना निघाला, त्यावर गोदामाचं नाव कोरलेलं. दुसऱ्याची वस्तू घरात नको, म्हणून द्यायला गेलो. पोरगा लिफ्ट दुरुस्तीला जायचा त्या गोदामांच्या वस्तीत लोक माल आणायला जातात आणि नाक दाबून परत येतात. मीही तिला तेवढीच ओळखत होतो. पण आत शिरलो तर काय! जिन्याखाली एक जण मासे तळतोय, दुसरा पत्र्याच्या पिंपात पाव भाजतोय, आणि एका बंद पडलेल्या मालाच्या लिफ्टमध्ये चक्क एका मावशींची खानावळ. पाटी नाही, बाकं नाहीत. बाहेर भिंतीवर ओळीनं खिळे आणि त्यांना टांगलेले कप. रोजच्या गिऱ्हाइकाचा आपापला कप, आपापला खिळा. काम सोडून जाणारा जाताना आपला कप घेऊन जातो.

मावशींनी मला नाकावरून ओळखलं. सफाचटचे बाबा ना, म्हणाल्या. आपल्या पोराला तिथं सफाचट म्हणतात, कारण ताटात शीतही उरत नसे! घरी भाजीतला कांदा वेचून ताटाच्या कडेला त्याची वस्ती वसवणारा आपला नखरेबाज, तिथं लाल भोपळा मागून मागून खायचा.

मग मला ताट वाढून मावशींनी विचारलं की तो आहे कुठे, कधीचा दिसला नाही. माझ्या तोंडात घास होता. तो गिळेपर्यंत मी सांगून बसलो की त्याची दुसऱ्या शहरात बदली झाली, तूही तिकडेच आहेस, दोघं मजेत आहात. का बोललो कोण जाणे. त्याचा निळ्या काठाचा कप समोरच टांगलेला होता.

तुझ्या सासूला यातलं काही कळवू नकोस. भोपळ्याचं तर नाहीच नाही.

जशी माया करतेस तशीच करत राहा.

तुझे बाबा

दि. २० फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

मान आता वळते. दादाचा खोकला गेला, आता वहिनी खोकते. घरात एकाने तरी खोकायचंच, असा नेम दिसतोय.

तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच परत आणला. भोपळा! लग्नानंतर मी एकदाच आणला होता, तर हे जेवायला बसायच्या ऐवजी गॅलरीत जाऊन उभे राहिले होते. आणि त्यांचा डबा तर रोज रिकामा यायचा. मला वाटायचं, माझ्या हाताला चव आली. मग तो कुणाच्या पोटात जायचा, तेवढा तपास लावा.

खोटं बोललात म्हणून मी रागावले नाही. उलट दोन दिवस मीही तेच खरं धरून चालले. टाके घालताना वाटायचं, बदलीच तर झालीय. पुन्हा जा, बाबा. आणखी काय खायचे, कुठं उभे राहायचे, सगळं लिहा.

आईंना नमस्कार. तुमचा हात डोक्यावर असू द्यावा.

तुमची सूनबाई

दि. १५ मार्च

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तपास लागला. तुझा डबा गोदामाचा राखणदार खायचा. हात चांगला आहे पण मीठ सढळ, असा त्यानं निरोप दिलाय. वर मिशीला ताव देऊन म्हणतो कसा, डबा बंद झाल्यापासून वजन उतरलं.

आणखी एक ऐक. मावशींची खानावळ आहे ती लिफ्ट चालू करायलाच पोराला पहिल्यांदा पाठवलं होतं. हा दोन तास आत खुडबुडला, तिथंच मावशींच्या चुलीवरचं जेवला आणि मालकाला सांगून आला की हिच्यात आता राम नाही, काही केल्या चालणार नाही. मावशी म्हणतात, एका तारेचं काम होतं. तेव्हापासून त्यांची चूल शाबूत आहे.

इकडे माझं बिंग फुटलं. सदऱ्याला तळलेल्या माशाचा वास आला आणि तुझ्या सासूनं मला उभं केलं. सगळं सांगावं लागलं. बाकीचं तिनं ऐकून घेतलं, पण भोपळ्याचं कळल्यावर उठली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, की माझ्या हातचं कधी गोड लागलं नाही त्याला.

मावशींकडे तुमची ख्यालीखुशाली रोज विचारतात. मी आपला रचत जातो. त्याला बढती दिली, तुम्हाला दोन खोल्यांचं घर दिलं. परवा त्यांनी पाळणा कधी हलणार असं विचारलं. मी हसलो आणि बघू म्हणालो.

लोभ उणा होऊ देऊ नकोस.

तुझे बाबा

दि. २ एप्रिल

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र हसत वाचत होते. पाळण्यापाशी आले आणि पुढं वाचवेना.

बाबा, एक गोष्ट दोन महिने पोटात ठेवली आहे. आमच्या कारखान्यात कापड बेतणारा एक कटर आहे. दादाच्या ओळखीचा, शांत आहे, त्याची पहिली बायको आजारात गेली. त्यानं दादाकडे मला मागणी घातली. दादा म्हणतो, आयुष्य लांब आहे. मला माणूस बरा वाटतो. हे तुमच्यापासून लपवलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

मी अजून हो म्हटलेलं नाही. तिकडे एक अख्खी गल्ली मला त्यांच्यासोबत नांदती समजते. तिथं त्यांचा कप टांगलेला असताना मी दुसऱ्या उंबऱ्यावर पाऊल कसं ठेवू? त्यांना काय झालं ते तिथं सांगा, बाबा. हे तुमच्याशिवाय कोणी करू शकत नाही. आणि त्यानंतर तुम्ही नाही म्हणालात, तर मी नाही म्हणेन.

रागावला असाल तरी तोडू नका.

तुमचीच

दि. १९ एप्रिल

चि. सूनबाईस अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आठ दिवस सदऱ्याच्या खिशात घेऊन हिंडलो. दोनदा गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत आलो. तिथं तो जिवंत होता गं, आणि मारायचं मलाच होतं. शेवटी तुझ्या सासूनं पत्र खिशातून काढून वाचलं, चपला घातल्या आणि चल म्हणाली.

मी सांगितलं. ताप, दवाखाना, सगळं. मावशींनी चूल बंद केली. मासेवाला येऊन उभा राहिला, राखणदारानं टोपी काढली. कोणीही मला खोटं का बोललास म्हणून विचारलं नाही. मावशींनी निळ्या काठाचा कप काढला, धुतला, त्यात चहा ओतला आणि आमच्यापुढे धरला. आम्ही दोघांनी तो आळीपाळीनं प्यायला.

मग तुझ्या सासूनं विचारलं, की बाई, तुम्ही भोपळ्यात असं घालता तरी काय? मावशी म्हणाल्या, मीठ आणि मिरची, दुसरं काही नाही. तोच सांगायचा, घरी आई समोर बसते म्हणून नखरे सुचतात, इथं मी तोंड वाकडं केलं तर बघणार कोण? सूनबाई, तो गेल्यापासून तुझी सासू मोठ्यानं रडली नव्हती. त्या लिफ्टच्या दारात बसून रडली. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

जाणाऱ्यानं कप न्यायचा, या रीतीनं तो कप आम्हाला दिला. आता आमच्या फडताळात आहे. अजून त्यात कोणी चहा घेत नाही. मी कालही मावशींकडे जाऊन आलो. खिळा रिकामा आहे, आणि मी आधी त्याच्याकडेच बघतो.

तू कटरला हो म्हण. हे मी लिहितोय, पण आधी म्हणाली तुझी सासू. तिचा एक निरोप आहे: सुरुवातीला तो पुढ्यात येईल ते मुकाट खाईल, त्यावर हुरळून जाऊ नकोस. ज्या दिवशी भाजीतला कांदा वेचून ताटाच्या कडेला ठेवील, त्या दिवशी समज की घर त्याचं झालं. तेव्हा त्याच्यावर रागावू नकोस. आम्ही फार रागावायचो.

लग्न झालं तरी आम्हाला बाबा आणि आईच म्हण. आणि उत्तराला उशीर लावू नकोस, दोघं पोस्टमनची वाट बघत दारात बसतो.

तुझे बाबा