दर्शनी भागास हात लावू नये

२६ मे १९३७, बुधवार

डेप्युटी कमिशनरसाहेब पोळ्याच्या दिवशी आमची जुनी पेठ पाहायला येणार, हे पक्के. शिपाई चंपत सांगून गेला. त्याला खुद्द जगदेवरावांनी सांगितले, आणि जगदेवराव पेठ शोभा समितीचे चेअरमन असल्यामुळे शंकेला जागा नाही. सेक्रेटरी मी. एकमताने निवड झाली. मीटिंगला आम्ही दोघेच होतो.

साहेबाला जुन्या वस्तीचा फार शौक, असे ऐकतो. अख्ख्या वाशीममध्ये आमच्या ओळीइतकी जुनी घरे दुसरीकडे नाहीत. ती आजोबांच्या काळी दिसत तशीच दिसली पाहिजेत. साहेब खूश झाले तर नव्या वर्षाच्या किताबांच्या यादीत एक रावसाहेब या पेठेतला असेल. कोण, ते लिहीत नाही. डायरीतही विनय असावा.

बायकोला, कस्तुराला, सहज विचारले, 'रावसाहेब इंद्रभान' कानाला कसे लागते? म्हणाली, "आंधी चक्कीवरून दळन आना, रावसाहेब."

आणले. आजपासून तपकीर बंद.

३० मे, रविवार

नियमावली पूर्ण. चौदा नियम केले होते, पण जगदेवरावांना दुसऱ्यातच झोप लागली. म्हणून एकच ठेवला: 'घराच्या दर्शनी भागास समितीच्या लेखी होकाराशिवाय कोणी हात लावू नये.' चंपतने दवंडी दिली. निम्म्या पेठेची जागा जगदेवरावांची, त्यामुळे कोणी चकार शब्द काढला नाही. लोकांना शिस्त हवीच असते, फक्त देणारा भेटत नाही.

३ जून, गुरुवार

पहिला अर्ज. शेजारची रंगूबाई. तळ्याकाठी तिचा भाजीचा मळा आहे. नवरा गेल्यापासून तो एकटीच करते. घरात ती आणि तिची मुलगी.

अर्ज तोंडी. "काकाजी, मिरग आला. भितीले तट्टे बांधाचे हायेत."

आमची सगळी ओळ पश्चिमतोंडी. पावसाळ्यात झड पश्चिमेकडून येते, आणि भिंती मातीच्या. म्हणून मृगाच्या आधी तुराट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचे, तट्टे विणून भिंतीवर बांधायचे आणि गौरी-गणपतीनंतर सोडायचे, अशी इथे रीत आहे. मी आजवर या रीतीकडे सेक्रेटरीच्या नजरेने पाहिले नव्हते. आज पाहिले. साहेब येणार पोळ्याला, आणि पेठ उभी तट्टे पांघरून! आतली कोरीव चौकट, कोनाडे, काही दिसायचे नाही. अर्ज नामंजूर.

रंगूबाई हलेना. म्हणाली, "काकाजी, पानी लागलं त भित बसते. एकच त भित हाय रस्त्याकडची. थे बसली त तरण्या पोरीले घेऊन मी कुठं जाऊ?"

मी शांतपणे सांगितले की भिंती पडत नाहीत, माणसे घाबरतात.

"आन दर्शनी भागाले झडीनं हात लावला त?"

झड नियमात येत नाही, असे समजावले. बाई अडाणी असली तरी मान हलवून निघून गेली. पटले असावे.

७ जून, सोमवार

मृग लागला. पुढाऱ्याने स्वतः उदाहरण घालून द्यावे. कस्तुराने माहेरहून, रिठदहून, गाडीभर तुराट्या आणवून आठ दिवस खपून तट्टे विणले होते. जुन्या लुगड्याचे लाल काठ फाडून गाठी मारलेल्या. ते बांधू दिले नाहीत. ती म्हणाली, "मंग याचं काय करू, लोणचं घालू?" मी म्हणालो, सरपणाला दे कोणाला. तिने सगळे रंगूबाईला दिले. उदार मनाने म्हणता येणार नाही, आदळत दिले.

तपकीर काल एकदाच घेतली, तीही सर्दीसाठी.

१५ जून, मंगळवार

दुसरा अर्ज, जगदेवरावांचा. घराच्या पुढच्या अंगाला सिमेंटची गॅलरी आणि तिच्यावर दोन सिंह. चेअरमनचाच अर्ज असल्यामुळे मी दुप्पट बारकाईने तपासला. सिमेंट नवे आहे, हे खरे. पण सिंह हा प्राणी प्राचीन आहे. मंजूर. सिंह अकोल्याहून येणार आहेत.

२ जुलै, शुक्रवार

पेठेत चमत्कारिक प्रकार. सकाळी पाहतो तो प्रत्येक घराच्या पुढच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत तुराट्या, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या, जे मिळेल ते टेकवलेले. चंपतला घेऊन रंगूबाईकडे गेलो. विचारले, नामंजूर अर्ज असताना तट्टे बांधले कसे?

म्हणाली, "तट्टे कुठं हाय काकाजी? सरपन हाय. भितीले टेकून ठेवलं. पावसायात सरपन कुठं ठेवाव, डोक्यावर?"

मी म्हणालो, हे विणलेले आहे.

"इनलेलं बी चुलीत जयते."

चंपत हसला. त्याला ताकीद दिली. मग जगदेवरावांकडे गेलो. ते म्हणाले, "इंद्रभानजी, सरपनाले मनाई कशी कराव? लोकं उपाशी ठेवता का? आन माह्याही घरी टेकवलं हाय." पाहिले. सिंह ठेवायच्या जागेखाली पऱ्हाटीचा ढीग.

घरी येऊन नियम पुन्हा वाचला. सरपणाने भिंतीला हात लावलेला नाही, नुसते टेकले आहे. माझ्या नियमात भोक नाही, लोकांच्या दानतीत आहे. असो. सरपण पोळ्यापर्यंत जळून जाईल. काळ आपल्या बाजूने आहे.

९ जुलै, शुक्रवार

एका अर्थी बरेच झाले. साऱ्या ओळीत आता फक्त माझे घर दिसते. चौकटीवर पाटी लावली: 'नमुना घर'. पेंटर मेडशीचा, अक्षर सुरेख. जाणारे-येणारे थांबून वाचतात आणि मग भिंतीकडे बराच वेळ बघतात. कौतुकच.

साहेबासाठी इंग्रजी भाषण लिहायला घेतले. पहिले वाक्य उत्तम जमले.

८ ऑगस्ट, रविवार

झड. कालही झड, परवाही. मृगापासून असा धरलेला पाऊस नव्हता. भिंतीच्या पायाशी माती थोडी मोकळी झाली आहे. जुन्या वास्तूला ते शोभते.

कस्तुराने ओढत बाहेर नेले. म्हणाली, "पाहा, भितीले पोट आलं."

पाहिले. किंचित. मी म्हणालो, वय झाले की येते, मलाही आहे.

"तुमच्या पोटावर धाबं नाई टेकलं," ती म्हणाली. धाबे म्हणजे आमचे मातीचे छत. ते लाकडी खांबांवर आहे, भिंतीवर नाही, हे तिला माहीत असून मुद्दाम बोलली. मग आवाज उतरवून म्हणाली, "अवो, एक डाव तट्टे बांधू द्या. मी रंगूबाईपाशी जाऊन मांगतो. पाया पडतो तिच्या."

फार वाईट वाटले. पण सेक्रेटरीनेच नियम मोडला तर नियम राहिला कुठे? अर्ज करायला हरकत नाही, असे सुचवले. तिने माझ्याकडे असे पाहिले की मीच तिच्या वतीने अर्ज लिहिला, मीच घेतला आणि मीच सही केली. जगदेवरावांची सही बाकी. ते सिंह आणायला अकोल्याला गेले आहेत. अर्ज पेंडिंग.

तपकीर घेतली. या हवेत डॉक्टरही नाही म्हणणार नाही.

११ ऑगस्ट, बुधवार

दुपारी भिंत बसली. पडली असे लोक म्हणतात, बसली. मी आतल्या खोलीत भाषणाची तालीम करत होतो. 'वुई आर प्राउड' इथपर्यंत आलो आणि उजेड वाढला.

कोणाला लागले नाही. धाबे खांबांवर शाबूत. चौकट, दार, कडी आणि वरची पाटी जशीच्या तशी उभी. बाकी दोन्ही बाजूंना माती. सारी पेठ जमली. बाकी एकाही घराचा ढपला उडालेला नाही. योगायोग.

रंगूबाई सगळ्यांत आधी धावत आली, कस्तुराचा हात धरून बाहेर काढले, पाठीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काकाजी, दर्शनी भागाले कोनं हात नाई लावला बरं. म्या पाह्यलं."

महिनाभर न हसलेली कस्तुरा हसली. धक्क्याने होते असे.

१४ ऑगस्ट, शनिवार

घरात येण्याजाण्याचे वळण बिघडले आहे. शेजारणी, कुत्री, भांडी घासायला बाहेर जाणारी कस्तुरा, सगळे भिंतीच्या जागेतून. मी मात्र दारातूनच जातो. रात्री कडी लावतो.

चंपत म्हणतो, ओल्यात मातीच्या विटा पाडता येत नाहीत, भिंत उभारायला दिवाळीपर्यंत थांबा. त्याला विचारले, साहेब येणार त्याचे काय? म्हणाला, "साहेब येतीन. त्याईचं पक्कं हाय. तुमचंच कच्चं हाय."

ताकीद दिली.

१८ ऑगस्ट, बुधवार

कस्तुराने माझ्या परवानगीशिवाय सोय लावली. रंगूबाईचे सरपण उसने आणून भिंतीच्या जागी उभे केले, दाराच्या दोन्ही बाजूंना. नीट पाहिले तर गाठी लाल काठांच्या. आमचेच तट्टे.

शब्दशः पाहता भिंतच नसल्यामुळे दर्शनी भागात फेरफार झाला, असे म्हणता येत नाही. शिवाय लांबून अगदी जुने, ऋषींच्या काळचे वाटते. साहेबाला ही शैली दाखवून द्यायला हवी. भाषणात एक परिच्छेद वाढवला.

जगदेवरावांचे सिंह आले. एकाचे शेपूट मेडशीच्या वाटेवर मोडले.

३ सप्टेंबर, शुक्रवार, संध्याकाळ

उद्या पोळा. साहेब सकाळी अकराला येणार. चंपत सांगून गेला, जगदेवरावांच्या तोंडून ऐकून. सर्वांत आधी 'नमुना घर' बघणार, कारण यादीत ते मीच पहिले घातले आहे.

आताच रंगूबाई आली होती. म्हणाली, "काकाजी, उद्या पोया. बैलायले निवद दाखवाचा हाय, पुरन शिजवाचं हाय. माह्यं सरपन सारं सरलं. तुमच्याकडलं नेतो."

मी म्हणालो, साहेब जाईपर्यंत थांब. दुपारी ने.

"बैलायले उपाशी ठेवू का साहेबासाठी? वरीसभर मोट साहेबानं ओढली का?"

मग मी सेक्रेटरी म्हणून सांगितले की समितीच्या होकाराशिवाय दर्शनी भागाला हात लावता येणार नाही. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दर्शनी भाग कायचा? सरपन हाय हे. तुमीच देल्लं होतं मले सरपनाले."

मी कस्तुराकडे पाहिले. ती म्हणाली, "नेऊ द्या. आपली चूल ओली हाय. आपलं बी पुरन तिच्याच चुलीवर घालून राह्यली मी."

तेव्हा तसे ठरले. सकाळी आठला रंगूबाई उजवी बाजू नेईल. डाळ जुनी असली तर डावीही लागेल. दहापर्यंत पुरण होईल. अकराला साहेब येतील.

मी दारात उभा राहीन. दार आहे.