फ्रीझरच्या तळाशी

२१ जून, शनिवार
तिसऱ्या वळणावर सगळ्या पाहुण्यांना थांबवलं. दम लागला म्हणून नव्हे. तिथून दरी चांगली दिसते. नऊ जण होते. दरी पाहून झाल्यावर आणखी पाच मिनिटं पाहिली.

वर म्हातारीपाशी भाषण उत्तम झालं. म्हातारी म्हणजे सहाशे वर्षांचा पाइन. आसपासचे तांबेरा रोगानं वाळले, हिच्यावर डागही नाही. माझ्या बायकोनं, वर्नानं, हिला हेरलं तेव्हापासून हिच्या बिया रोपवाटिकेत जातात. साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांसाठी खोडावर वासाची पाकिटं ठोकतो, हेही सांगितलं. वासाचा अर्थ: हे घर भरलंय, पुढं जा. लोकांना हे फार आवडतं. टेक्ससच्या एक बाई म्हणाल्या, मग पाकिटं कुठायत? म्हटलं, याच आठवड्यात.

पाकिटं गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये आहेत, तळाशी. दरवर्षी वर्ना काढायची. गेल्या नोव्हेंबरात ती गेली. कामाची वाटणी नव्यानं करावी लागेल.

२४ जून
निश्चय: उद्या पाकिटं. सकाळी सहा.

२५ जून
गुडघा.

१ जुलै, मंगळवार
शेजारचा मर्ल कुंपणावरून म्हणाला, हॉवलंड, तुझा गुडघा शनिवारी डोंगर चढतो आणि मंगळवारी गॅरेजपर्यंत जात नाही, हा काय प्रकार? म्हटलं, तुला शरीरशास्त्र कळत नाही. तो म्हणाला, बरं बाबा, फ्रीझर मी उपसून देऊ का? नको म्हटलं. जरा मोठ्यानं म्हटलं गेलं.

५ जुलै
टेसचा फोन. माझ्या सुतारकामाच्या वर्गात होती, आता वनखात्यात आहे. सर, पाकिटं लागली ना? भुंगेरे आता कधीही उडतील. म्हटलं, लागल्यातच जमा आहेत. यात खोटं काही नाही.

११ जुलै, दुपार
फ्रीझर उघडला. वर वर्नाचे डबे. चिकटपट्टीवर तिचं अक्षर: एल्कचा रस्सा, ऑक्टोबर. सात आहेत. पाकिटं काढायची तर डबे बाहेर काढावे लागणार. बाहेर काढले तर वितळणार. इतक्या उन्हात हे शास्त्रीय नाही. थंड दिवस बघून करू.
झाकण लावलं.

१९ जुलै
चार जण. पाकिटं खोडाच्या मागच्या बाजूला आहेत, म्हटलं. एकजण मागं जाऊन आला. म्हटलं, फार उंचावर आहेत.

२ ऑगस्ट
दोघं. म्हातारीच्या सालीवर राळेचे गोळे, लाह्यांएवढे. उन्हाळ्यात राळ यायचीच. भाषणात घेतलं नाही.

९ ऑगस्ट
थंड दिवस होता. टायर बदलले.

१६ ऑगस्ट, शनिवार
पाहुणे नाहीत. फक्त टेस. तिनं खोडाला एक फेरी मारली. बुंध्याशी पडलेला भुसा बोटावर घेतला, फुंकला. सर, पाकिटं कधी लावलीत? मी गुडघ्यापासून सुरुवात केली. ती म्हणाली, सर. वर्गात करवत चुकीची धरली की मी असंच नुसतं नाव घ्यायचो.
फ्रीझरमध्ये आहेत, म्हटलं.
पानांच्या सुया अजून हिरव्या आहेत, मी दाखवलं. त्या पुढच्या उन्हाळ्यात लाल होतील, ती म्हणाली. आज लावली तर? मी विचारलं. सर, आता घर खरंच भरलंय. मग म्हणाली, यंदाची फळं पिकली की उतरवून घेऊ. तेवढ्या बिया मिळतील.

खाली येऊन तिनं स्वतःच फ्रीझर उघडला. डबे एकेक करून सुतारकामाच्या टेबलावर ठेवले. पहिल्यावरचं अक्षर वाचलं. पुढचे वाचले नाहीत. तळाची पाकिटं पिशवीत घातली. हे परत ठेवू ना, सर? 
सहा ठेव, म्हटलं.

१७ ऑगस्ट
सकाळी सातवा डबा गरम केला. मीठ थोडं कमी होतं. खाल्ला.