ठोंब्याची प्लेट

पिट्सबर्ग,
मार्चमधला तिसरा गुरुवार

प्रिय गॅरेट,

तुला तीन ई-मेल केले, दोनदा फोन केला. ई-मेलना उत्तर नाही आणि फोनवरचं मशीन मला दर वेळी सांगतं की तू परिषदेत आहेस. सहा आठवडे चालणारी परिषद मी तरी कुठे ऐकलेली नाही. म्हणून शेवटी कागद घेऊन बसले आहे आणि हे पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर टाकते आहे. घरचं टपाल मॉरा उघडते, आणि मॉरा आलेला कागद वाचल्याशिवाय बाजूला ठेवणारी नाही. तिने वाचलं तर मला चालेल. खरं सांगायचं तर तिने वाचावंच.

इथलं सगळं जसंच्या तसं आहे. बर्फ अजून हटायला तयार नाही. मी कंबर मोडेपर्यंत फावडं चालवून गाडीपुरती जागा मोकळी करते, तिथे जागा धरायला खुर्ची ठेवून कामाला जाते, आणि समोरचा नवा भाडेकरू ती खुर्ची उचलून फुटपाथवर ठेवतो नि आपली गाडी लावतो. बाहेरगावचा आहे म्हणे. शुक्रवारी चर्चच्या तळघरात माशांचं जेवण असतं, तिथे मी अजूनही बटाट्याचं सारण भरून पिरोगींच्या कडा दाबते, आणि फादर अजूनही विचारतात की तो उंच मुलगा कुठे असतो, एका बैठकीत बावीस पिरोगी खाणारा. मी सांगते, मिनियापोलिसला प्रोफेसर झालाय, आता फोनसुद्धा उचलत नाही.

लॅबमध्ये नवी मुलं आली आहेत आणि त्यांनी माझं डोकं पिकवलं आहे. पेशींकडे कुणी बघतच नाही. प्लेट मशीनमध्ये सरकवायची, मशीनने आकडा द्यायचा, आकडा बघून हसायचं किंवा रडायचं. अरे, मायक्रोस्कोपला एकदा डोळा लाव की. मी पस्तीस वर्षं या पेशींना खाऊ-पिऊ घालते आहे, त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळतं काय दुखतंय ते. पण मी पडले टेक्निशियन. माझ्या डोळ्यांना आकडा नाही.

या सगळ्यांत एकच मुलगी बघणारी निघाली, ओडेसा व्हिटफील्ड. इथलीच, होमवूडची. आईने बजावून पाठवल्यासारखी मला अजून ‘मिस बर्नी’ म्हणते, आणि कामाला बसली की उठत नाही. लॅबचे प्रमुख, आपल्या लुंडक्विस्टनी तिला गेल्या सप्टेंबरात तुझाच प्रयोग पुन्हा करायला दिला. त्यावरून पुढचं काम करायचं होतं, म्हणून आधी तो हातात बसावा इतकंच. तिथून माझ्या डोकेदुखीला सुरुवात झाली.

तुला तुझाच प्रयोग सांगणं बरं दिसत नाही, तेव्हा हा एवढा भाग मॉरासाठी. मॉरा, आम्ही ज्यावर काम करतो त्या आजारात आईकडून किंवा बापाकडून आलेलं एक जनुक बिघडलेलं असतं आणि ते पेशीत सतत चुकीचा माल तयार करत राहतं. माणसाचं आधी चालणं जातं, मग बोलणं, मग गिळणं. आम्ही त्या जनुकाशी अक्षर न् अक्षर जुळणारा एक छोटा तुकडा पेशीत सोडतो, म्हणजे ते जनुक गप्प होतं. मग बघायचं, पेशी तगते का. तगली, तर आजाराचं मूळ तिथेच आहे आणि औषधही तिथेच शोधायचं. पण नुसतं काहीतरी आत घातल्यानेच फरक पडला नाही ना, हे कळायला शेजारच्या प्लेटमध्ये दुसरा एक तुकडा सोडतात. लांबी तेवढीच, पण अक्षरं पत्त्यांसारखी पिसलेली, कुठल्याच जनुकाशी न जुळणारी. त्याने काही म्हणजे काही करायचं नसतं. तुझ्या नवऱ्याने त्याचं नाव ठेवलं होतं ठोंब्या. सात वर्षांपूर्वी त्याच्या प्रयोगात खऱ्या तुकड्याच्या प्लेटमधल्या पेशी पाचव्या दिवशीही टवटवीत होत्या आणि ठोंब्याच्या प्लेटमधल्या निम्म्या मेल्या होत्या. त्यावर पेपर निघाला, पेपरच्या भरवशावर एक कंपनी कामाला लागली, आणि येत्या सप्टेंबरात ती कंपनी माणसांवर चाचणी सुरू करते आहे. पाठीच्या कण्यात सुई घालून औषध देणार. यादीत टेसा पेट्राकोचं नाव आहे.

टेसा तुला आठवत असेल. आपल्या पेशी जिच्या दंडाच्या कातडीतून वाढवल्या, त्या रोझानची मुलगी. दर ऑक्टोबरला रुग्णांच्या भेटीच्या दिवशी रोझान जॉन्सटाउनहून अक्रोडाचा रोल घेऊन यायची आणि टेसा तिच्या मागे मागे, दातांना तार लावलेली. आता रोझान चाकांच्या खुर्चीत असते, आणि तिचं बोलणं फक्त टेसाला कळतं. टेसा चोवीस वर्षांची आहे. गेल्या ऑक्टोबरला तीच रोल घेऊन आली आणि आपल्या दारातल्या सपाट फरशीवर अडखळली. तीच हसून म्हणाली, “सप्टेंबरपर्यंत तर पाय टिकवायचेत, मग तुमचं औषध आहेच.”

तर ओडेसाने तुझा प्रयोग केला. जनुक छान गप्प झालं, पण पेशींना त्याचं काही नव्हतं. दोन्ही प्लेट सारख्याच. मी तिच्यावर करवादले. म्हटलं, गरम जास्त केलंस, थकलेल्या पेशी घेतल्यास, पुन्हा कर. तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. चार वेळा झाल्यावर ती शांतपणे म्हणाली, “मिस बर्नी, माझा हात वाईट असता तर दर वेळी वेगळं काहीतरी बिघडलं असतं. हे दर वेळी एकसारखंच येतंय.” मला इतका राग आला की मी जेवायला खाली निघून गेले. राग आला, कारण पोरीचं बरोबर होतं.

मग तिने शोधून काढलं की तिचा ठोंब्या नवा होता, विकत मागवलेला. तुझा वेगळा होता, आपल्याकडे बनवून घेतलेला. फ्रीझरच्या तळाशी त्याच्या तीन नळ्या अजून होत्या, माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेल्या. जानेवारीत तिने तीन प्लेट मांडल्या. एकीत खरा तुकडा, दुसरीत तुझा जुना ठोंब्या, आणि तिसरीत काहीच नाही. पेशी, त्यांचं पाणी आणि बस. पाचव्या दिवशी तिने मला बोलावलं. ठोंब्याच्या प्लेटमध्ये निम्म्या पेशी तरंगत होत्या. काहीच न घातलेली प्लेट आणि खऱ्या तुकड्याची प्लेट यांत मला डावं-उजवं करता येईना. तुझा तुकडा कुणालाही वाचवत नव्हता, गॅरेट. त्या पेशी पाच दिवसांत मरणारच नव्हत्या. तुझा ठोंब्या त्यांना मारत होता. त्याची पिसलेली अक्षरं पेशीला लागणाऱ्या दुसऱ्याच कुठल्यातरी जनुकाशी जुळतात आणि तो ते बंद पाडतो. कुठल्या, तेही ओडेसाने शोधलंय.

तिने तुला फेब्रुवारीत सगळं कळवलं, चित्रांसकट. तू एक ओळ लिहिलीस, ‘तुमच्या पेशी जुन्या झाल्या असतील.’ एवढंच. ती ओळ वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या पेशी कोण सांभाळतं? त्या जुन्या होऊ नयेत म्हणून द्रव नायट्रोजनने कुणाची बोटं भाजली आहेत? आणि ती पोर, तुझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, ती मला विचारते, “मिस बर्नी, मी काही उर्मटपणे लिहिलं होतं का?” मे महिन्यात तुझी कायमची नेमणूक ठरायची आहे, हे मॉराने मला नाताळच्या कार्डात लिहिलं होतं. म्हणजे तुझं मौन कशाचं आहे ते मला समजतं. समजतं म्हणून आवडतं असं नाही.

लुंडक्विस्टचं काय सांगू. प्लेट बघून ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, “गॅरेटला वेळ द्या. आपला पेपर चुकला हे त्याने स्वतः लिहिलं तर त्याची मान राहील. महिनाअखेरपर्यंत थांबू, मग मी लिहितो.” त्यांचा तुझ्यावर जीव आहे. माझाही आहे, नाहीतर तुझ्या लग्नात आपल्या इथल्या रीतीने टेबल भरून बिस्किटं केली नसती. चाळीस डझन, त्यातली बारा डझन नुसती क्रीम भरलेली. तुझ्या आईकडची माणसं त्या टेबलासमोर तोंड उघडं टाकून उभी होती, इतकी बिस्किटं लग्नात कशाला म्हणून. तो सगळा ऑगस्ट मी दिवसा तुझ्या प्लेट आणि संध्याकाळी तुझी बिस्किटं करत होते.

त्याच ऑगस्टमधली एक दुपार तुला आठवते का बघ. मी तुला मायक्रोस्कोपपाशी ओढत आणलं होतं. म्हटलं, ठोंब्याच्या पेशी मला बऱ्या दिसत नाहीत. तू डोळा लावलास आणि हसलास. “बर्नी, आजाऱ्याच्या पेशी आहेत त्या. ठोंब्या काही करत नाही म्हणून तर मरताहेत.” किती सरळ वाटलं होतं ते. काहीच न घातलेली प्लेट मांडू या का, असंही मी विचारलं. तू म्हणालास की पेशी मोजक्याच आहेत, वाया नको घालवायला. तुझं चुकलं, पण तशी चूक कुणाचीही झाली असती. आजाराच्या पेशी मरताना दिसल्या की त्या आजारानेच मेल्या असं वाटतं. मी तेव्हा गप्प बसले, आणि तू समजलास की बर्नीला पटलं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. ओडेसाने माझ्या जुन्या वह्या मागितल्या तेव्हा मी तिला सगळ्या दिल्या, एक सोडून. ती माझ्या स्वयंपाकघरात, लाटण्याच्या खणात आहे. लग्नाआधीच्या आठवड्यात तू आणि मॉरा हॉल बघायला गेला होतात. माझ्याकडे मूठभर पेशी उरल्या होत्या. मी ती प्लेट मांडली, गॅरेट. काहीच न घातलेली. पाचव्या दिवशी ती ठणठणीत होती. मी वहीत तारीख घातली, लिहिलं, ‘काही न दिलेल्या पेशी उत्तम’, आणि प्लेट ब्लीचमध्ये बुडवली. स्वतःला म्हटलं, एका प्लेटने काय सिद्ध होतं. म्हटलं, लग्न होऊन जाऊ दे, मग सांगते. मग पेपर आला आणि त्यावर तिसरं नाव माझं होतं. तूच भांडून घातलं होतंस ते. टेक्निशियनचं नाव कोण घालतं? आईने ते पहिलं पान चौकटीत बसवून फ्रीजच्या वर टांगलं, आणि जाईपर्यंत येणाऱ्या प्रत्येकाला दाखवलं. त्यानंतर मला सांगता आलं नाही. सात वर्षं मी त्या पानाखाली चहा पितेय. सहा आठवडे फोन उचलत नाहीस म्हणून मी तुझ्यावर चिडले, तर माझ्यावर कुणी किती चिडावं?

वहीतल्या त्या पानाची प्रत सोबत घातली आहे. उद्या सकाळी वही लुंडक्विस्टच्या टेबलावर ठेवणार आणि ओडेसाची माफी मागणार. रविवारी जॉन्सटाउनला जाऊन रोझान आणि टेसाला सगळं सांगणार. रिकाम्या हाताने जाणार आहे, अशा वेळी बिस्किटं नेणं बरं नव्हे. तुझ्याकडे एवढंच मागणं आहे की महिनाअखेरची वाट बघू नकोस. पेपर मागे घेतो असं तू स्वतः लिही, आणि जे घडलं तेच लिही, की ठोंब्याची शहानिशा तू केली नाहीस, आणि ज्या प्लेटने सगळं उघडं पडलं असतं ती बर्नाडेट कुच्टाने पाहिली आणि तुला सांगितली नाही. माझं नाव तू एकदा छापून आणलंस. आता दुसऱ्यांदा आण. मी तेही पान चौकटीत बसवीन, पहिलं काढून त्याच खिळ्याला टांगीन.

अजूनही तुझीच,
बर्नी