मूत्रपिंडाचं पोर

योग्याकार्ता, मंगळवार

आमाक, लांबूनच तुझा हात कपाळाला लावते. मी बरी आहे, वेळेवर जेवते.

आता जरा ऐक. 'माझी लेक लहान मुलांची मूत्रपिंडं बरी करते' असं तू गावभर सांगितलंस, आणि सफ्रिलमामाने मला मुतखड्याचे फोटो पाठवले. अगं, 'मूत्रपिंडाचं पोर' हे आपल्या इंडोनेशियन भाषेत एका ग्रंथीचं, अ‍ॅड्रिनलचं, नाव आहे. ती मूत्रपिंडावर टोपीसारखी बसते. मी कत्तलखान्यातून गाईच्या ग्रंथी आणते आणि सालीतल्या पेशी गाभ्यातल्या पेशींपासून वेगळ्या करते.

चार महिने खपून सालीच्या पेशी अगदी स्वच्छ निवडल्या, तर त्या हार्मोन सोडायलाच तयार नाहीत. ज्या बशीत माझ्या चुकीने गाभ्याच्या पेशी राहिल्या, तिथे मात्र दहापट. आमच्या प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या, "शेजारीण टोचते म्हणून त्या कामाला लागतात. तू शेजारणीलाच हाकललंस."

चार महिने वाया, आमाक.

मामा लिहितो, तू नारळाच्या दुधात मांस आटवून रंदांग करणंच सोडलंस. एकटीसाठी कोण चार तास ढवळत बसणार, म्हणालीस म्हणे. मला का नाही कळवलंस?

शुक्रवारी येते. नारळ आणून ठेव. तू ढवळ, मी शेजारी बसून कटकट करते.

तुझं पोर,
देस्मी