गच्चीच्या दारावरचं लाल फडकं

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळी दहाला खाली पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग होती. साडेअकराला संपली. घरी येऊन वरणभात खाल्ला, गच्चीवर गेले आणि तुमच्या रेडिओची तार, तुमची अँटेना, उतरवली. आता चार वाजलेत.

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला काही लिहिलं नाही, कारण आपल्या घरात एकमेकांना काही सांगायची पद्धतच नव्हती. तुम्ही कारखान्यातून यायचात, चहा घ्यायचात आणि रेडिओच्या सेटपाशी बसून कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांशी मोर्समध्ये टकटक करत बोलायचात. जेवताना मीठ हवं असेल तर मात्र बोटाने दाखवायचात. मीही तशीच झाले. लॅबमध्ये मुलांना प्रयोगाचं सामान मांडून देते, मोजलेले आकडे तपासते आणि घरी येऊन तुमच्याच सेटवर बसते. लायसन्स आता माझ्या नावाचं आहे, पण तार तुमच्याच हुकांना बांधलेली होती. मध्ये दोनदा तार बदलली, हुक बदलले नाहीत. तुम्ही ठरवलेली जागा हलवायची नाही असं मी मनाशी धरून बसले होते.

गेल्या महिन्यात गच्चीच्या खालच्याच फ्लॅटमध्ये एक नवीन जोडपं राहायला आलं. त्यातल्या मुलीला सातवा महिना आहे. तिने सोसायटीला अर्ज दिला की गच्चीवरच्या तारेतून रेडिएशन येतं, ती काढावी. मला पहिल्यांदा रागच आला. समोरच्या इमारतीवर मोबाइलचा टॉवर आहे, प्रत्येकाच्या उशाशी फोन आहे, आणि नडली ती माझी तार. पण राग आला की मोजायला बसायचं ही तुमची सवय मला लागलेली आहे. सेट किती वॅटचा, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, दर सहा मिनिटांत मी किती वेळ संदेश पाठवायचं बटण दाबून असते, या सगळ्यावरून माणसाने तारेपासून किती लांब असायला हवं ते काढता येतं. तुमच्या वेळी हे कुणी आपल्याला शिकवलं नव्हतं. मी तीन संध्याकाळी बसून प्रत्येक बँडसाठी ते काढलं, आणि दर वेळी मी न थांबता बटण दाबून बसले आहे असं धरलं, म्हणजे चूक झालीच तर सुरक्षित बाजूला व्हावी. मग टेप घेऊन गच्चीवर गेले.

टेप तीच, तुम्ही दिलेली. मी लायसन्सची परीक्षा पास झाले तेव्हा तुम्ही शाबासकी दिली नव्हती, ही स्टीलची टेप हातात ठेवली होती. त्याआधी एकदा मी तारेची लांबी पावलांनी मोजून आले होते. तुम्ही म्हणालात, "पावलांनी? उद्या तुझे पाय वाढले तर तार वाढणार का?" आणि भर उन्हात परत वर पाठवलंत. मला तेव्हा रडू आलं होतं. आता लॅबमध्ये मुलांना मी हेच ऐकवते.

तर मोजलं. खालच्या फ्लॅटला काही प्रश्न नाही, मध्ये स्लॅब आहे आणि अंतर भरपूर आहे. गच्चीवरही बहुतेक ठिकाणी तार उंच आहे. फक्त पूर्वेकडचं टोक टाकीच्या खांबावरच्या हुकाशी खाली उतरतं, आणि बरोबर त्याच्याखालून कपडे वाळत घालायची दोरी जाते. चिमटा लावायला हात वर केला तर तारेत आणि हातात वीतभर अंतर राहतं. मला दोन मीटर हवे होते. मी पुन्हा मोजलं. तेवढंच आलं. खरं म्हणजे मोजायची गरज नव्हती. ती जागा मला वयाच्या अकराव्या वर्षापासून माहीत होती.

हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. तुम्ही सेटवर बसण्याआधी गच्चीच्या दाराच्या खिळ्याला एक लाल फडकं अडकवायचात. सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं, फडकं असेपर्यंत तारेच्या बाजूला जायचं नाही. त्या दिवशी आई पोळ्या करतेय आणि मला म्हणते, जा, वाळलेले कपडे घेऊन ये. मी दारात बघते. खिळा रिकामा आहे. मी गच्चीवर जाते, दोरीवरचे कपडे काढू लागते, शेवटचं कापड तारेच्या टोकाशी आहे. ते ओढताना माझं बोट तारेला लागतं. फार नाही दुखत, पण बोटाच्या पेरावर पांढरा ठिपका उठतो आणि जळका वास येतो. आणि हातात जे कापड आहे ते तुमचं लाल फडकं आहे. आईने ते सकाळी धुऊन वाळत घातलेलं होतं. खिळ्यावर दिसलं नाही, तरी तुम्ही दोन मिनिटांसाठी म्हणून सेटवर बसला असाल.

मी खाली आले. थोड्या वेळाने तुम्हीही स्वयंपाकघरात आलात, इतकं खूश मी तुम्हाला क्वचित पाहिलं होतं, कारण पहिल्यांदाच खूप लांबचं स्टेशन लागलं होतं. माझं बोट बघून विचारलंत, काय झालं. मी म्हटलं, तवा लागला. आई तव्यापाशीच उभी होती, बाबा. मी तव्याजवळ आलेच नव्हते हे तिला दिसलेलं होतं, आणि माझ्या हातातलं फडकंही तिने पाहिलं होतं. तुम्ही तिला ओरडलात, पोरीवर लक्ष ठेवता येत नाही का. ती म्हणाली, "चुकलं माझं." आणि पोळी उलटली. आम्ही दोघी त्याविषयी पुन्हा कधी बोललो नाही. खरं कळलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी सेट बांधून माळ्यावर टाकला असता, हे आम्हाला दोघींनाही माहीत होतं. पुढे आयुष्यभर तुम्ही सगळ्यांना अभिमानाने सांगत राहिलात की माझ्या तारेने कुणाला काही झालं नाही.

आज मीटिंगमध्ये हेच वाक्य माझ्यासमोर आलं. सेक्रेटरींनी अर्ज वाचून दाखवला. तिसऱ्या मजल्यावरचा एक जण म्हणाला, आमचा टीव्ही खरखरतो त्याचं काय, तर त्याची बायकोच म्हणाली, तुझा टीव्ही ना, आपल्या लग्नातला आहे तो. लोक हसले. मग पहिल्या मजल्यावरचे काका उठले, तुमचे कारखान्यातले दोस्त. आता काठी घेऊन चालतात, पण आवाज तोच. माझ्या बाजूने बोलायला उठले होते.

"अगो, सांग तेंका. तुझ्या बापाशीन तार बांधलेल्याक इतकी वर्सां झाली. कोणाक काय झाला? एक माणूस दाखवा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली असती तरी चाललं असतं. माझ्या कागदावरचे आकडे तिथे कुणालाच वाचता येणार नव्हते. खालच्या फ्लॅटला धोका नाही हे खरंच होतं, तेवढंच सांगून तार वाचली असती. ती मुलगी पुढच्या खुर्चीवर पाठीला उशी लावून बसली होती.

मी म्हटलं, "झालं होतं काका. मला." आणि बोट दाखवलं. ठिपका आता नीट दिसतही नाही.

काका खाली बसले. म्हणाले, "तो माका कधी बोललो नाय."

"त्यांना माहीत नव्हतं."

"आणि ता लाल फडकां? ता बघूक नाय तू?"

मी म्हटलं, "नाही बघितलं."

सेक्रेटरी म्हणाले, म्हणजे डेंजर आहे ना मॅडम, मग काढून टाका, विषय संपला. मी म्हटलं, जागा डेंजर आहे, ती जागा मी बदलणार. आजच तार उतरवते. दोन पाइप उभे करून टाकीच्याही वर नेते, दोन्ही टोकं कुणाचा हात पोचणार नाही अशी. पॉवर अर्ध्यावर आणते. मग सगळ्यांसमोर मोजते आणि कागद नोटीस बोर्डावर लावते. कुणाला तपासून घ्यायचं असेल त्यांनी बाहेरचा माणूस आणावा. मी एवढं सलग बोलल्याचं काकांनाही आठवत नसेल.

त्या मुलीने हळूच विचारलं, बाळाचे कपडे तिथे वाळत घातले तर त्यांच्यात ते राहतं का. मी सांगितलं, नाही, मी बटण सोडलं की संपलं, काही साठत नाही. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग तुम्ही बटण दाबलंय हे मला वर आल्यावर कळणार कसं?"

सगळ्या मीटिंगमध्ये खरा प्रश्न तेवढाच होता. तुमच्यानंतर मी फडकं लावायचं सोडून दिलं होतं. त्याचा अर्थ कळणारी माणसं उरली नाहीत असं कारण मी स्वतःला दिलं होतं. शेवटी मार्चअखेरपर्यंतची मुदत मिळाली. तोवर नवी जागा तिला पटली तर तार राहील, नाहीतर जाईल. ती राहील, बाबा. मी तिला टेप धरायला बोलावणार आहे.

हे पत्र तुमच्या लॉगबुकात ठेवते, आणखी कुठे पाठवणार. एक सांगायचं राहिलं. काकांनी फडक्याचं विचारलं तेव्हा मी अर्धंच उत्तर दिलं. ते धुवायला गेलं होतं आणि तुम्ही त्याच्याशिवाय बसलात, हे नाही सांगितलं. तारेचं सगळं खरं सांगितलं. एवढं एक माझ्यापाशी ठेवलं, आईने ठेवलं होतं तसं.

तार उतरवून झाल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानातून लाल कापड आणलंय. दोन तुकडे केलेत, एक धुवायला गेला तर दुसरा असावा म्हणून. जुना खिळा गंजलाय. हातोडी घेऊन वर जाते आणि नवा ठोकते.