इजाऱ्याच्या गावातली सराई

मास्तरसाहेब, मराठीतच लिहितो आहे. उर्दू तुम्ही मला दोन वर्षं घोटून घोटून शिकवलंत, पण माझी पाटी बघून तुम्हीच म्हणाला होता, "अरे बावा, हे लिवलं का कोंबडीनं उकरलं?" सारा वर्ग हसला, मीही हसलो. आता माझी पन्नाशी उलटली, तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होत आली, आणि वाशीमच्या त्या शाळेतला तुमचा एकच धडा अजून माझ्या मानगुटीवर बसलेला आहे. तुर्कांचा.

इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात त्यांच्यावर चार ओळी होत्या. तुम्ही ते मिटून ठेवायचात आणि हैदराबादहून आणलेली तुमची ती जाड किताब उघडायचात. सेल्जुक तुर्क घोड्यांवर आले, मुलूख जिंकला, इथवर कोणीही सांगेल. तुम्ही म्हणायचात, "जमीन घेनं सोपं हाय. तिच्यावर चूल पेटवनं कठीन." मग तुम्ही सांगत बसायचात. ओसाड पट्ट्यात त्यांनी शेतकरी आणून बसवले, घर दिलं, बैल दिले, बियाणं दिलं, काही वर्षं शेतसारा माफ केला. निर्जन वाटांवर फकिरांना जमिनी दिल्या, म्हणजे तिथं दिवा लागेल, माणूस थांबेल. एकेका दिवसाच्या चालीवर दगडी सराया बांधल्या. कोणीही येवो, कोणत्याही धर्माचा असो, तीन दिवस त्याला जेवण आणि जनावराला चारा फुकट. तुम्ही असे सांगायचात, जणू कालच तिथं जेवून आलात.

परीक्षेत मी ते सगळं दोन पानं भरून लिहिलं. शाबासकीची वाट बघत होतो. तुम्ही मला टेबलापाशी बोलावलंत. "सारं लिवलं तू. पन ते शेतकरी कुठून आनले, ते काहून नाई लिवलं? लढाईत धरून आनले होते ते. अन् जिथी बसवले, तिथी आंदी कोन राहत होतं?" मी म्हटलं, ते किताबीत नाही. "किताबीत नाई म्हनूनच तर तुले इचारून राह्यलो!" मला इतका राग आला होता! म्हातारा उगाच कीस पाडतो, असं मी घरी जाऊन आईला सांगितलं. आज कबूल करतो, त्या प्रश्नाचा मी पुढं कधी विचारही केला नाही. तुम्ही सांगितलेलं बाकीचं मात्र सगळं वापरलं.

मानमोडीच्या तापात तुम्ही गेलात. त्याच तापानं इंझोरीच्या पलीकडचं एक गाव पार उठलं. निम्मी माणसं मेली, उरलेली जीव घेऊन पळाली. गाव इजाऱ्याचं होतं. म्हणजे उजाड जागा, वस्ती करायच्या बोलीवर माझ्या मालकांच्या वाडवडिलांनी सरकारकडून घेतलेली. ती पुन्हा उजाड झाली. तीन पावसाळ्यांत मातीची घरं बसली, वर तरोटा माजला. मालकांनी मला कारभारी नेमलं आणि म्हणाले, "गाव बसवून दाव." दुसरा कोणी असता तर घाबरला असता. मला वाटलं, अरे, हे तर मला येतं!

मी सगळं तुमच्या तुर्कांसारखं केलं. आधी विहीर उपसली. मग सुतार आणि लोहार आणले, कारण ते असले की शेतकरी आपोआप येतो. बैलजोड्या मालकांकडून देवविल्या, पहिली तीन वर्षं काही मागायचं नाही असं कबूल करून घेतलं. आणि रस्त्याच्या कडेला, पडक्या घरांचे ढिगारे साफ करून, सराई बांधायला घेतली. लोक हसले. चाळीस घरांच्या गावाला सराई कायले, म्हणाले. मी म्हटलं, आलेल्याला तीन दिवस ज्वारीचं पीठ अन् तुरीची डाळ मिळेल, जात नाही विचारायची. बघा गावाचं नाव कसं होतं ते. आणि झालंही. मंगरूळला उरुसाला जाणारे फकीर थांबू लागले, बैलगाड्या थांबू लागल्या.

पण त्याआधी पाया खणला गेला होता. दोन माणसं खणत होती, मी उभा होतो. कमरेइतक्या खोलीवर हाडं लागली. आडवा माणूस, उत्तरेकडं डोकं, मनगटाच्या हाडात तांब्याचं कडं. खणणारा बाहेर उडी मारून म्हणाला, "आवं, कडं हाय हातात, हा तं आपल्यातलाच कोनी हाय. याले जाळलाई नाई!"  चार दिवसांपूर्वीच सुताराच्या पोराला ताप आला होता, तर तेवढ्यावरून त्यानं गाव सोडायला गाडी जुंपली होती. गावाखाली असं बिनसंस्काराचं मढं आहे हे कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तिथं कुत्रं उरलं नसतं. मी दोघांना शपथ घातली. माती लोटली. वर मीच हात लावून मोठा दगड बसवला.

सराई उभी राहिली त्याच वर्षी पितृपक्षात ती आली. काळी, उंच बाई, पदरात कुंकवाची पुडी आणि तीळ. पूर्वी याच गावची. तापात नवरा मेला तेव्हा खांदा द्यायला माणूस नव्हतं, लाकूड तोडायला नव्हतं. स्वतःच घरामागच्या बाभळीखाली खड्डा खणून तिनं त्याला ठेवला आणि अंगात ताप घेऊन माहेरी चालत गेली. आता तिला घर नको होतं, शेत नको होतं. "भाऊ, त्याले काढतो अन् अडान नदीच्या पान्यात सोडतो. त्याचं काईच केलं नाई मी. पितरांत बसला नाई तो." पण ओळखायचं कशावरून? घर गेलं, बाभूळ मी तोडलेली. तिनं मला विचारलं, "इथिसा खोदतानी काई निंगालं काय? हातात तांब्याचं कडं होतं."

मी म्हटलं, "नाई बाई. काईच नाई निंगालं."

तीन दिवस ती परसापरसातून हिंडली. सुताराच्या बायकोनं तिला कुदळ दिली, माझ्यादेखत. जिथं तिथं हात-दोन हात खणून बघायची, हातानं माती चिवडायची, पुन्हा बुजवायची. संध्याकाळी सराईत येऊन पीठ मळायची. तिसऱ्या दिवशी निघताना म्हणाली, "साऱ्या गावात मले इथिसाच झोप लागते, भाऊ." 

त्यानंतर ती दर पितृपक्षात येते. वीस वर्षं झाली. पहिल्या वर्षीचं खोटं मी गावासाठी बोललो, असं स्वतःला समजावता येतं. पण आता गाव रुजलं आहे, शाळा आहे, आठवड्याचा बाजार भरतो. हाडं निघाली म्हणून आता कोणी उठून जाणार नाही. खणणारे दोघेही वारले. सांगितलं तर जाईल ती फक्त माझी अब्रू. लोक मला गावाचा बाप म्हणतात हो! आणि मला सराईत पाय ठेववत नाही. दाराशी उभं राहून बोलतो, फरशीकडं बघत नाही. तुमची कबर मंगरूळला दर्ग्याजवळ आहे, तिथं फुलं वाहून येतो. तिथंही तुमचा प्रश्न कानात येतो आणि मी लवकर उठतो.

आज दुपारी ती पुन्हा आली आहे. आता तिला नीट दिसत नाही, कुदळ उचलत नाही. सुताराच्या नातवाला हाताशी धरून विचारत होती, "पोरा, इथिसा जुनी बाभूळ कुठी होती रे?" त्याला काय माहीत. ओसरीवरून मला ऐकू आलं. मी आत आलो, दार लोटलं आणि दौत घेऊन बसलो.

मास्तरसाहेब, ज्याला सांगायचं ते माणूस जिवंत आहे, इथून पन्नास पावलांवर भाकर थापतं आहे. तिथवर जायला पाय उचलत नाहीत, म्हणून तुम्हाला लिहितो आहे. तुम्ही मेलेले आहात, एवढ्यासाठीच.